वेस्टरलंड १ : गुच्छ सापडला, अंतर सापडेना

मे महिना संपत आला की रात्री साडेबाराच्या सुमारास वृश्चिक दक्षिणेला मध्यावर येतो. महाराष्ट्रातून त्याची शेपूट पूर्ण दिसते. ही शेपूट मूळ नक्षत्राकडे वळण्याआधी जिथे खाली टेकल्यासारखी वाटते, तिथे झीटा हा तारा आहे. म्हणजे खरं तर शेजारी दिसणारे दोन तारे. त्यांच्या अर्धा अंश उत्तरेला एनजीसी ६२३१ हा तारकागुच्छ. अंधाऱ्या माळावरून तो नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखा दिसतो आणि साध्या द्विनेत्रीतून त्यातले तारे सुटे होतात. अंतर सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं, वय काही दशलक्ष वर्षं. सतराव्या शतकात सिसिलीतल्या होदिएर्ना यांनी तो नोंदवून ठेवला होता.

आता झीटापासून पावणेचार अंश दक्षिणेला सरकायचं, पीठ तारकासमूहाच्या हद्दीत. तिथे डोळ्यांना काही दिसत नाही, द्विनेत्रीलाही नाही. आणि तरी तिथे एनजीसी ६२३१ पेक्षा कितीतरी पट वजनदार गुच्छ आहे. आपल्या आकाशगंगेत आजवर माहीत असलेल्या तरुण गुच्छांत सर्वांत भारी गुच्छांपैकी तो एक. नाव वेस्टरलंड १.

ह्या लेखात एवढं एकच प्रकरण पाहायचं आहे. शोध १९६१ चा. त्यानंतरच्या साठ वर्षांत ह्या गुच्छाचं अंतर ३,३०० प्रकाशवर्षांपासून १७ हजार प्रकाशवर्षांपर्यंत फिरून आलं. धुळीआड दडलेलं शोधून काढणं हेच मोठं काम, असा सर्वसाधारण समज असतो. मला तसं वाटत नाही. शोधणं त्यातल्या त्यात सोपं. सापडलेली गोष्ट किती लांब, किती भारी आणि किती जुनी हे सांगायला बसलं की धूळ खरी आडवी येते, कारण ह्या तिन्ही आकड्यांत ती गुपचूप शिरलेली असते.

किती धूळ, आणि कुठली

आंतरतारकीय धूळ म्हणजे सिलिकेटचे आणि कार्बनचे, मायक्रोमीटरपेक्षाही बारीक कण. ताऱ्यांमधल्या वायूच्या तुलनेत त्यांचं वस्तुमान जेमतेम एक टक्का भरेल. पण कणांचा आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळे तो प्रकाश शोषण्यात आणि विखुरण्यात ते पटाईत. निळा जास्त अडतो, तांबडा कमी, अवरक्त त्याहून कमी. म्हणून धुळीमागचा तारा मंद तर होतोच, वर लालही दिसतो.

वेस्टरलंड १ च्या दिशेचा हिशेब २०१६ मध्ये आगुस्तो डामिनेली आणि सहकाऱ्यांनी मांडला : दृश्य प्रकाशात सरासरी ११.४ प्रतींची घट (प्रत म्हणजे ताऱ्याच्या ठळकपणाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद), पण २.२ मायक्रोमीटरच्या आसपासच्या के पट्ट्यात फक्त ०.७४ प्रतीची. पाच प्रती म्हणजे शंभर पट, हे माप धरलं तर दृश्य प्रकाशातले सुमारे ३६ हजारांतला एक फोटॉन आपल्यापर्यंत पोचतो. के पट्ट्यातले निम्मे पोचतात. ह्या दोन वाक्यांत अवरक्त खगोलशास्त्राचं सगळं समर्थन आलं. धूळ नसती तर ह्या गुच्छातले सर्वांत ठळक तारे तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारे असते, आणि आपल्या पूर्वजांनी त्यांना एखादं नाव नक्की चिकटवलं असतं. प्रत्यक्षात त्यातला सर्वांत ठळक ताराही चौदाव्या प्रतीच्या पलीकडे आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. कोवळे गुच्छ दोन तऱ्हांनी झाकलेले असतात. काही अजून आपल्या जन्माच्या ढगातच गुरफटलेले असतात. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या मागच्या ढगात असे तारे आहेत. वेस्टरलंड १ तसा नाही. त्यातल्या राक्षसी ताऱ्यांच्या वाऱ्यांनी आणि झालेल्या स्फोटांनी जन्माचा ढग केव्हाच उडवून लावला आहे. त्याच्यापुढची बहुतेक धूळ वाटेवरची आहे : आपण आणि तो यांच्यामध्ये आकाशगंगेच्या सर्पिल भुजा येतात, त्यांची. गुच्छ स्वतः स्क्युटम-क्रक्स भुजेत असल्याचं मानलं जातं. वाटेवरच्या धुळीची अडचण अशी की ती एकसारखी पसरलेली नसते. ह्याच गुच्छातल्या एका ताऱ्यापुढे नऊ-दहा प्रतींची भिंत असते, तर थोड्या अंतरावरच्या दुसऱ्यापुढे तेरा प्रतींची.

असे गुच्छ शोधायची रीत आता सरळ झाली आहे. १९९७ ते २००१ मध्ये टू-मास पाहणीने ॲरिझोना आणि चिली इथल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी संपूर्ण आकाश तीन अवरक्त पट्ट्यांत टिपलं. पुढे स्पिट्झर अवकाशदुर्बिणीच्या ग्लिम्प्स पाहणीतून २००५ मध्ये ९२ संभाव्य गुच्छांची यादी आली, त्यातले ५९ नवे. चिलीतल्या पारानालच्या व्हिस्टा दुर्बिणीच्या पाहणीतून २०११ मध्ये आणखी ९६. संगणकाला सांगायचं की ताऱ्यांची दाटी आजूबाजूपेक्षा जास्त कुठे आहे ते काढ. पण ‘संभाव्य’ ह्या शब्दाला इथे वजन आहे. धुळीच्या पडद्यात एखादी विरळ खिडकी असली की तिच्यातून मागचे तारे जास्त दिसतात आणि नकाशावर हुबेहूब गुच्छ उमटतो. तारे खरोखर एकत्र आहेत की पडद्याला भोक आहे, हे रंग मोजून, वर्णपट घेऊन आणि शक्य असेल तर ताऱ्यांच्या गती पाहूनच ठरतं.

वेस्टरलंड १ च्या बाबतीत ही शंका कधी फारशी नव्हती. तो नकाशावर ठसठशीत दिसतो.

काचेवरचा गुच्छ

बेंग्ट वेस्टरलंड हे स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियातल्या माउंट स्ट्रोम्लो इथे उपसाला वेधशाळेचं दक्षिणेकडचं ठाणं होतं, तिथल्या श्मिट दुर्बिणीने ते आकाशगंगेच्या पट्ट्याची छायाचित्रं घेत होते. त्यात तांबड्याच्या पलीकडच्या, जवळच्या अवरक्त प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा होत्या. पीठ तारकासमूहातला हा घट्ट, भलताच लाल पुंजका त्यांना दिसला आणि १९६१ मध्ये त्यांनी त्यावर छोटी टिपणी छापली. शोध एवढाच.

पुढची कितीतरी वर्षं ह्या गुच्छाकडे फार कोणी फिरकलं नाही, आणि त्याला कारण होतं. उष्ण, भारी ताऱ्यांची वर्गवारी परंपरेने निळ्या प्रकाशातल्या वर्णरेषांवरून केली जाते. सगळे प्रमाण तारे, सगळे तक्ते त्या भागातले. आणि इथे नेमका निळा प्रकाश येतच नाही. म्हणजे तारा डोळ्यांसमोर आहे, पण त्याची ओळख पटवायची कागदपत्रं ज्या भाषेत आहेत ती भाषाच धुळीने खाऊन टाकली आहे. १९७० च्या दशकात काही जणांनी अवरक्त दीप्ती मोजल्या आणि त्यातले काही तारे फार तेजस्वी असावेत असं दिसलं, पण तेव्हा एकेका ताऱ्यावर उपकरण रोखून मोजावं लागे.

१९८७ मध्ये वेस्टरलंड स्वतःच परत आले. ह्या वेळी तपशीलवार मोजणी आणि तांबड्या भागातले वर्णपट घेऊन. त्यांनी ताऱ्यांना जे क्रमांक दिले तेच आजही चालतात : डब्ल्यू २६, डब्ल्यू २४३ वगैरे. त्यांच्या हिशेबाने गुच्छ सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर होता आणि त्यातले तारे विलक्षण तेजस्वी होते.

१९९८ मध्ये दुसऱ्या एका गटाने सीसीडी कॅमेऱ्याने दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांतली मोजणी केली, ताऱ्यांचे रंग आणि दीप्ती आलेखावर मांडून त्यावर प्रमाण रेषा बसवली, आणि अंतर काढलं एक किलोपार्सेक. म्हणजे ३,३०० प्रकाशवर्षं.

दोन अंतरांत पाचपटीचा फरक. दिसणारी दीप्ती तीच असेल तर खऱ्या तेजस्वितेत पंचवीस पटींचा. रात्री घाटात समोरून येणारा एकच दिवा दिसावा, आणि तो जवळच्या सायकलचा की लांबच्या ट्रकचा हे धुक्यामुळे कळू नये, तशी ही गत. १७ हजार प्रकाशवर्षं खरी असतील तर हा आकाशगंगेतला एक अजस्र गुच्छ. ३,३०० खरी असतील तर चारचौघांसारखा, फक्त धुळीने माखलेला.

ताऱ्यांनीच दिलेली साक्ष

कोंडी फुटली ती अंतर मोजून नाही, ताऱ्यांची जात ओळखून. १९९८ मध्येच सायमन क्लार्क आणि सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींनी ह्या गुच्छात दोन जोरदार रेडिओ स्रोत सापडले. एक डब्ल्यू ९, भोवती दाट वायू असलेला उष्ण महाराक्षसी तारा. दुसरा डब्ल्यू २६, तांबडा महाराक्षसी तारा, ज्याच्याकडून इतक्या रेडिओ लहरींची कोणी अपेक्षा करत नाही. रेडिओ लहरींना धूळ जाणवतही नाही, त्यामुळे ह्या साक्षीवर शंका घ्यायला जागा नव्हती. (पुढे २०१३ मध्ये डब्ल्यू २६ भोवती आयनीभूत हायड्रोजनचा ढगही सापडला. तांबड्या महाराक्षसी ताऱ्याभोवती असं काही दिसणं फार दुर्मीळ. आजूबाजूचे उष्ण तारेच त्याचा वायू तापवत असणार.)

मग क्लार्क आणि इग्नासिओ नेगेरुएला यांनी २००२ मध्ये वुल्फ-रायेट जातीचे ११ तारे दाखवले. हे बाहेरचा हायड्रोजन उडवून देऊन आतला गाभा उघडा पडलेले, मरणाच्या जवळ आलेले भारी तारे. २००६ पर्यंत पॉल क्राउदर यांच्या गटाने ती संख्या २४ वर नेली. आकाशगंगेत असे तारे मुळात दुर्मीळ, आणि इथे एका छोट्या जागेत दोन डझन. जोडीला चार तांबडे महाराक्षसी तारे, सहा पिवळे हायपरजायंट (महाराक्षसी ताऱ्यांहूनही तेजस्वी तारे), आणि डझनावारी उष्ण महाराक्षसी तारे.

२००५ चा निबंध हा ह्या प्रकरणाचा खरा कणा. क्लार्क, नेगेरुएला, क्राउदर आणि गुडविन यांनी पन्नासहून अधिक भारी ताऱ्यांचे तांबड्या भागातले वर्णपट घेऊन त्यांची वर्गवारी केली, आणि अंतराचा आकडा देण्याऐवजी दोन कुंपणं घातली. पिवळे हायपरजायंट एका मर्यादेपेक्षा तेजस्वी होत नाहीत, म्हणून गुच्छ साडेपाच किलोपार्सेकच्या, म्हणजे सुमारे १८ हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडे नाही. तो फार जवळ असता तर त्यातल्या वुल्फ-रायेट ताऱ्यांचा रेडिओ प्रकाश दिसायला हवा होता. तो दिसला नाही, म्हणून दोन किलोपार्सेकच्या, म्हणजे साडेसहा हजार प्रकाशवर्षांच्या अलीकडे नाही. मला ह्या निबंधातली ही गोष्ट सर्वांत आवडते. ३,३०० चा आकडा गेला, पण त्याच्या जागी खोट्या आत्मविश्वासाचा नवा आकडा बसवला नाही.

वस्तुमान काढताना मात्र त्यांना उडी मारावी लागली. मोजलेले तारे सगळे भारी, मोजक्या संख्येतले. पण तारे जन्मताना भारी किती आणि हलके किती ह्याचं प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं, त्यावरून न दिसलेल्या हलक्या ताऱ्यांची बेरीज धरली. उत्तर आलं सुमारे एक लाख सौर वस्तुमानं. तोवर असे गुच्छ म्हणजे दुसऱ्या, खळबळीच्या दीर्घिकांत दिसणारी चीज समजली जायची. २००८ मध्ये वोल्फगांग ब्रांडनर आणि सहकाऱ्यांनी ला सिया इथल्या दुर्बिणीच्या अवरक्त चित्रांवरून मध्यम वस्तुमानाचे तारे प्रत्यक्ष मोजले आणि बेरीज सुमारे ५० हजारांवर आणली. तरीही भारीच.

फरकाला एक घातांक पुरतो

ब्रांडनर यांचं अंतर होतं ११,६०० प्रकाशवर्षं. त्यांनी के पट्ट्यातली घट धरली होती १.१३ प्रत. डामिनेली यांची, आपण वर पाहिली, ०.७४. तारे तेच, पट्टा तोच. मग फरक आला कुठून? हे जरा कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखं आहे.

उष्ण ताऱ्यांची एक सोय असते. अवरक्तात त्या सगळ्यांचा मूळ रंग जवळजवळ सारखा असतो. त्यामुळे १.२५ मायक्रोमीटरच्या जे पट्ट्यातली आणि २.१५ च्या आसपासच्या के पट्ट्यातली दीप्ती मोजली, की मूळ रंगापेक्षा तो किती लाल झालाय ते सरळ कळतं. ह्या गुच्छासाठी समजा हा लालपणा १.६ प्रत आहे. हे झालं मोजमाप. यात वाद नाही.

आपल्याला हवी आहे के पट्ट्यातली एकूण घट. तिच्यासाठी तरंगलांबी वाढेल तशी घट कुठल्या वेगाने उतरते हे माहीत हवं. घट तरंगलांबीच्या ऋण घातांकात उतरते असं धरतात. घातांक १.६१ घेतला, जो बरीच वर्षं सर्रास वापरात होता, तर जे पट्ट्यातली घट के पट्ट्याच्या २.४ पट येते. फरक १.६ असेल तर के ची घट १.१५ प्रत. घातांक २.१३ घेतला, जो डामिनेली यांना ह्या गुच्छाच्या दिशेला मिळाला, तर तेच गुणोत्तर ३.१७ होतं आणि के ची घट येते ०.७४.

म्हणजे एकाच मोजमापातून ०.४ प्रतीची तफावत. ताऱ्याच्या खऱ्या तेजस्वितेत ती जवळपास दीडपट होते आणि अंतरात एक-पंचमांश. आणि हा फरक अवरक्तातला आहे, जिथे धूळ ‘नगण्य’ असल्याचं लोकप्रिय लेखांत लिहिलेलं असतं. दृश्य प्रकाशात एका प्रतीची चूक ही किरकोळ गोष्ट समजायची. आकाशगंगेच्या सगळ्या दिशांना धुळीचा एकच नियम लागू होतो, हे गृहीतक सोयीचं होतं. आतल्या भागाकडे पाहताना ते टिकत नाही हे गेल्या वीसेक वर्षांत वारंवार दिसलं आहे.

धुळीला वळसा घालून जाणाऱ्या वाटाही होत्या. २००७ मध्ये उदासीन हायड्रोजनच्या रेडिओ निरीक्षणांवरून, आकाशगंगेच्या फिरण्याचा वेग वापरून, अंतर आलं सुमारे १२,७०० प्रकाशवर्षं. डब्ल्यू १३ ही ९.२७ दिवसांची पिधानकारी जोडी आहे, दोन तारे आळीपाळीने एकमेकांना झाकतात. अशा जोडीतून ताऱ्यांचं वस्तुमान आणि त्रिज्या थेट मिळते, त्रिज्येवरून आणि तापमानावरून तेजस्विता. २०१२ मध्ये त्यावरून १२,१०० आलं, अर्थात मोठ्या चुकीच्या शक्यतेसकट. शिवाय शेवटच्या पायरीला धुळीची वजावट इथेही करावीच लागते.

गायाने निकाल लावायला हवा होता

पराशय म्हणजे पॅरॅलॅक्स. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित डोलतो. डोलणं जितकं कमी तितका तारा लांब. निव्वळ भूमिती, धुळीचा संबंध नाही. युरोपच्या गाया उपग्रहाचा दुसरा माहितीसंच एप्रिल २०१८ मध्ये खुला झाला तेव्हा वेस्टरलंड १ चं भांडण मिटलं असं वाटणं साहजिक होतं.

त्या एकाच संचातून दोन उत्तरं आली. बेन डेव्हिस आणि एमा बीझर यांनी २०१९ मध्ये सुमारे १२,६०० प्रकाशवर्षं काढली. मोजगान आगाखानलू आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमारे ८,५००.

कसं झालं हे? १२,६०० प्रकाशवर्षांवर पराशय असतो साधारण ०.२६ मिलिआर्कसेकंद (अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे आर्कसेकंद, त्याचा हजारावा भाग), ८,५०० वर ०.३८. गायाच्या मोजणीतच त्या वेळी ०.०३ ते ०.०५ मिलिआर्कसेकंदांची ठरावीक सरक होती, आणि ती ताऱ्याच्या रंगावर नि दीप्तीवर अवलंबून होती. एवढी सरक जवळच्या ताऱ्याला कळतही नाही; इथे ती उत्तराच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. दुसरा फरक ताऱ्यांच्या निवडीचा. डेव्हिस-बीझर यांनी वर्णपटांवरून आधीच ओळखलेले उष्ण भारी तारे घेतले. आगाखानलू यांनी गुच्छाच्या गाभ्याभोवतीच्या छोट्या वर्तुळातले सगळे गाया तारे घेतले, बाहेरच्या कड्यातले तारे पार्श्वभूमी म्हणून घेतले आणि संख्याशास्त्राने गुच्छाचा वाटा वेगळा केला. पद्धत चोख आहे. पण गाया दृश्य प्रकाशात पाहतो, एक मायक्रोमीटरच्या जरा पुढेपर्यंत. धुळीमुळे गुच्छातले साधे तारे त्याला दिसतच नाहीत, आणि गुच्छाच्या दिशेला दिसणाऱ्यांत अलीकडचे, धुळीच्या पुढचे तारे बरेच असतात. भूमितीत धूळ नव्हती. ताऱ्यांच्या यादीत मात्र ती होतीच. मला त्यामुळे ओळख पटलेल्या ताऱ्यांवरचं उत्तर अधिक भरवशाचं वाटतं.

सुधारित तिसरा संच डिसेंबर २०२० मध्ये आला. त्यावरून नेगेरुएला आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ४.२३ किलोपार्सेक, म्हणजे सुमारे १३,८०० प्रकाशवर्षं काढली, आणि चुकीची शक्यता पाच टक्क्यांच्या घरात आणली.

तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांवर ही युक्ती मात्र चालत नाही. डब्ल्यू २६ ची त्रिज्या सूर्याच्या हजार ते दीड हजार पट असावी, म्हणजे गुरूच्या कक्षेच्या आसपास. पराशयाचं माप आहे पृथ्वीच्या कक्षेची त्रिज्या. ताऱ्याची तबकडीच त्या डोलण्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि तिच्यावरचे उकळते डाग हलले की प्रकाशाचं केंद्रही सरकतं. असल्या ताऱ्यांचं अंतर गुच्छातल्या इतरांकडून उसनंच घ्यावं लागतं.

वयाची भानगड आणि एक मॅग्नेटार

अंतरावरून एवढं डोकं का खपवायचं? कारण २००५ च्या मे-जूनमध्ये चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने ह्या गुच्छात एक मॅग्नेटार पकडला. प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, १०.६ सेकंदांना एक फेरी. मायकेल म्युनो आणि सहकाऱ्यांचा युक्तिवाद साधा होता. गुच्छाचं वय चार-पाच दशलक्ष वर्षं. एवढ्या काळात मरू शकणारा तारा ४० सूर्यांहून भारी असला पाहिजे. इतका भारी तारा कोसळल्यावर कृष्णविवर व्हावं अशी अपेक्षा. इथे न्यूट्रॉन तारा निघाला. मग भारी ताऱ्यांच्या मृत्यूचे आपले नियम तपासावे लागतील. पुढे ह्यावर बरंच लिखाण झालं. जोडीदार ताऱ्याने वस्तुमान ओढून नेलं असेल, असंही सुचवलं गेलं, आणि पळून जाणारा एक तारा, डब्ल्यू ५, तो जोडीदार म्हणून पुढेही आला.

हा सगळा डोलारा ‘चार-पाच दशलक्ष’ ह्या शब्दांवर उभा आहे. वुल्फ-रायेट, पिवळे आणि तांबडे असे सगळे तारे एकाच वेळी दिसायचे तर सिद्धांताप्रमाणे वय नेमकं तेवढंच हवं, हा त्यामागचा तर्क. २०२१ मध्ये बीझर आणि सहकाऱ्यांनी त्याचा एक परिणाम तपासला. वय पाच दशलक्ष असेल तर तांबड्या-पिवळ्या ताऱ्यांची तेजस्विता अमुक इतकी असली पाहिजे. सोफिया ह्या विमानात बसवलेल्या अवरक्त दुर्बिणीची मोजमापं जोडून त्यांनी ती काढली. ती सरासरी अडीच पटींनी कमी भरली. त्यावरून वय येतं १०.४ दशलक्ष वर्षं. अजून पूर्ण न झालेल्या हलक्या ताऱ्यांवरून आलं ७.२. डब्ल्यू १३ ची जोडी मात्र तरुणच राहते.

एका गुच्छाची तीन वयं. सगळे तारे एका झटक्यात जन्मले हे गृहीतक सोडलं तर हे जुळू शकतं : निर्मिती काही दशलक्ष वर्षं चालली असेल. काही तारे एकमेकांत विलीन होऊन ‘तरुण’ दिसत असतील, हीही शक्यता आहे. पण मग मॅग्नेटारचा जनक ४० सूर्यांचा असायलाच हवा, ह्या दाव्याची सक्ती जाते. मला वाटतं हा दावा आता जपून वापरायला हवा. तरीही तो आजही बऱ्याच ठिकाणी ठाम वाक्यात लिहिलेला आढळतो.

सध्या

इटलीतल्या मारिओ ग्वार्चेल्लो यांच्या पुढाकाराने वेस्टरलंड १ आणि वेस्टरलंड २ ह्या दुसऱ्या गुच्छाची मोठी पाहणी चालू आहे. चंद्राने वेस्टरलंड १ वर सुमारे दहा लाख सेकंद रोखून पाहिलं आणि जवळपास सहा हजार क्ष-किरण स्रोत मिळाले. हलके तारे तरुणपणी क्ष-किरणांत उजळ असतात, म्हातारे झाल्यावर शांत. त्यामुळे वाटेवरच्या जुन्या ताऱ्यांमधून गुच्छातले तरुण वेगळे काढायला ही चाळण उपयोगी पडते, आणि जास्त ऊर्जेचे क्ष-किरण धुळीतून पार होतात. जेम्स वेब अवकाशदुर्बिणीची अवरक्त चित्रं २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मध्य-अवरक्तात दिसतं की गुच्छाच्या आतही, महाराक्षसी ताऱ्यांच्या अवतीभवती, धूळ आणि वायू पसरलेला आहे. म्हणजे वाटेवरच्या धुळीची वजावट झाल्यावर ताऱ्यांनी स्वतः सोडलेल्या धुळीचाही हिशेब मांडायचा आहे. ज्या तांबड्या ताऱ्यांच्या तेजस्वितेवर वयाचा वाद उभा आहे, नेमके त्यांचेच.

आपल्याकडून ह्या कामात फारसा हात लागत नाही, त्याला भूगोल कारण आहे. मुंबईच्या टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेने बांधलेलं टिरस्पेक हे चांगलं अवरक्त उपकरण २०१३ पासून लडाखमधल्या हान्लेच्या दुर्बिणीवर आहे, पण तिथून हा गुच्छ क्षितिजाच्या वर साडेअकरा अंशही चढत नाही. पुण्याहून पंचवीस अंश चढतो, तर चिलीहून जवळजवळ डोक्यावर.

गायाने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणं थांबवली. तोवर जमवलेल्या मोजणीवरचा चौथा माहितीसंच २०२६ च्या अखेरीस अपेक्षित आहे, आणि त्यातून अंतराची चूक आणखी आवळली जाईल. वय त्यातून सुटणार नाही, कारण ते तेजस्वितेवर, म्हणजे पुन्हा धुळीच्या घातांकावर आणि ताऱ्यांच्या सैद्धांतिक प्रतिकृतींवर टेकलेलं आहे. तोपर्यंत माझ्या टिपणवहीत अंतर १३,८०० प्रकाशवर्षं आहे. वयाच्या रकान्यात तिन्ही आकडे आहेत, प्रत्येकापुढे तो कुठल्या ताऱ्यांवरून काढला ते लिहून.